विमानाने न्याहारीला: बे एरियातल्या नव्या पायलटसाठी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात शनिवारी सकाळी पालो आल्टो किंवा सॅन कार्लोसच्या विमानतळाच्या कुंपणापाशी उभं राहा. एका इंजिनाची, चौघं बसतील अशी छोटी विमानं एकामागून एक उडताना दिसतील. काहींत शिकाऊ पायलट आणि त्यांचे शिक्षक असतात. उरलेल्यांतली बरीच मंडळी कुठेतरी ऑम्लेट खायला निघालेली असतात. खायचं, दोन कप कॉफी प्यायची, दुपारच्या आत घरी. अमेरिकेतले पायलट याला गमतीने ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. तो भाव केव्हाच मागे पडला. आज इथे सेसना १७२ भाड्याने घेतलं तर इंधन धरून तासाला २०० डॉलरच्या आसपास जातात, आणि जाऊन-येऊन तास-दीड तास सहज होतो.

हा लेख आहे तो प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलेल्यांसाठी, ज्यांना आता घरच्यांना किंवा मित्रांना घेऊन पहिल्यांदा न्याहारीला जायचंय. सनीव्हेल, फ्रीमॉंट, सॅन होजेकडच्या मराठी मंडळींत असे हौशी अधूनमधून भेटतात आणि त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात.

अजून शिकायलाच सुरुवात केली नसेल, तर दोन गोष्टी सांगून पुढे जातो. अमेरिकेचं नागरिकत्व नसेल, मग एच-१बी असो की ग्रीन कार्ड, प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याची) तपासणी पार पाडावी लागते. शिक्षकाबरोबरच्या एका ओळख-उड्डाणाला, म्हणजे डिस्कव्हरी फ्लाइटला, ती लागत नाही. तेव्हा आधी ते करून बघा, पोट आणि खिसा दोन्ही काय म्हणतात ते कळेल. नियमाने किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, प्रत्यक्षात बहुतेकांना ६०-७० तास लागतात.

भारतातल्या वाचकांना हा सगळा प्रकार चैनीचा वाटेल. चैनीचा आहेच. पण खरा फरक पैशांपेक्षा परवानगीचा आहे. भारतात एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जायचं तर फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षण खात्याचा मंजुरी क्रमांक लागतो. इथे चांगल्या हवेत, नियंत्रण टॉवर नसलेल्या विमानतळावरून, कुणालाही न कळवता उडता येतं. ‘चला, नाश्त्याला जाऊ’ हे सकाळी सातला ठरवता येतं ते त्यामुळे. आणि सातला ठरवता येतं तसंच आठला रद्दही करता येतं. न्याहारी हे निमित्त इतकं क्षुल्लक आहे की ती चुकली तर कुणाचंच काही बिघडत नाही. लग्नाला किंवा मीटिंगला विमान घेऊन निघालेल्या माणसाला ही सवलत नसते. नव्या पायलटसाठी मला हा प्रकार आवडतो तो या एका कारणासाठी, आणि पुढची सगळी तयारी ही सवलत टिकवण्याची आहे.

कुठे जायचं

पहिली न्याहारी अशा ठिकाणी करा जिथून टॅक्सीने घरी येता येईल. दहा पर्यायांत डोकं घालण्यापेक्षा ही एक कसोटी लावा. हवा बिघडली, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग) कुरकुरला, एखाद्या प्रवाशाने ‘मी परत त्यात बसणार नाही’ म्हटलं, तर विमान तिथेच बांधून ठेवायचं, विमान भाड्याने देणाऱ्या क्लबला फोन करायचा आणि रस्त्याने घरी यायचं. टॅक्सीचे शंभर-दीडशे डॉलर मनातल्या मनात आधीच खर्ची टाकून ठेवा. ते पैसे खर्च झालेलेच आहेत असं धरलं की परतीचा निर्णय बराच सोपा होतो.

या कसोटीला हाफ मून बे उतरतं. पालो आल्टोहून सरळ रेषेत १८-२० नॉटिकल मैल, मध्ये सांताक्रूझ डोंगरांची रांग, पलीकडे पॅसिफिक. हवेत पाव तासाच्या आसपास. धावपट्टी ५००० फूट लांब, म्हणजे पालो आल्टोच्या जेमतेम अडीच हजार फुटांवर शिकलेल्याला ती संपता संपत नाही. टॉवर नाही. विमानतळावरून चालत प्रिन्स्टनच्या मासेमारी बंदरावर जाता येतं, त्यामुळे खायचे पर्याय बरेच. रस्त्याने परतायचं तर तासाभरात घर.

वॉटसनव्हिल थोडं लांब, साधारण ३५ नॉटिकल मैल दक्षिणेला, स्ट्रॉबेरीच्या शेतांच्या कडेला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आणि विमानतळावरच उपाहारगृह. उत्तरेला पेटालूमा आहे. तिथल्या डायनरचं नावच धावपट्टीच्या २९ या आकड्यावरून पडलेलं. मात्र पेटालूमाला जाताना सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडचं गजबजलेलं आकाश वाटेत येतं, म्हणून ते पहिल्या खेपेला नको. हॅरिस रँच तर सव्वाशे मैलांच्या आत-बाहेर, मध्य खोऱ्यात, आय-५ महामार्गालगत. त्याच्याबद्दल शेवटी.

विमानतळावरची उपाहारगृहं हा बेभरवशाचा धंदा आहे. चालवणारे बदलतात, वेळा बदलतात, कधी वर्षभर पाटीच उतरलेली असते. शुक्रवारी फोन करून विचारा. जेवणापेक्षा विमानावर जास्त खर्च करणारे गिऱ्हाईक आहात, एक फोन परवडतो.

धुकं

इथल्या न्याहारीचा खरा मालक धुकं आहे, तेव्हा त्याच्यावर जरा वेळ घालवू.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समुद्राचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, कारण वाऱ्यामुळे वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खोलवरचं गार पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा थंड होते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. आतल्या खोऱ्यात दिवसभर ऊन तापलं की ही गार, ढगाळ हवा डोंगरांच्या खिंडींतून आत ओढली जाते. संध्याकाळी शिरते, रात्रभर पसरते, पहाटे सगळ्यात दाट असते आणि सकाळी उशिरा आतल्या बाजूने विरत जाते. किनाऱ्यावर ती कधी दिवसभर हलतच नाही. म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, घरी आकाश निळंशार असताना, हाफ मून बे नेमकं न्याहारीच्या वेळेला बंद असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे किनाऱ्याचे महिने. हिवाळ्यातही दोन पावसांच्या मध्ये लख्ख दिवस मिळतात.

खोऱ्यात उलटा प्रकार. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की रात्री जमीन गार होते आणि टूली नावाचं जमिनीलगतचं धुकं साचतं. ते दुपारपर्यंत टिकू शकतं, कधी दिवसेंदिवस. त्यामुळे हॅरिस रँचचा बेत डिसेंबर-जानेवारीत आखू नये.

शुक्रवारी रात्री दोन ठिकाणं नक्की करा, एक किनाऱ्याचं आणि एक आतलं. दोन्हींचा मार्ग आखून ठेवा. शनिवारी सकाळी हवामानाचा अहवाल बघून त्यातलं एक निवडा, किंवा एकही निवडू नका. प्रवाशांना ‘हाफ मून बेला जाऊ’ असं सांगूच नका. ‘सकाळी कुठेतरी नाश्त्याला जाऊ, जमलं तर विमानाने’ एवढंच सांगा. समुद्र दाखवायचा शब्द देऊन बसलात की धुक्याशी वाटाघाटी सुरू होतात.

अहवालात ‘ओव्हरकास्ट ००६’ दिसलं तर जमिनीपासून ६०० फुटांवर आकाश पूर्ण झाकलेलं आहे. पॅटर्नची, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीलगत मारायच्या चौकोनी फेरीची, उंची साधारण १००० फूट, ढगांच्या खाली ५०० फूट राहायचं, म्हणजे १५०० फुटांखालचं छत असेल तर विषयच संपला. माझं मत याहून कडक आहे: मध्ये डोंगर असताना, प्रवासी घेऊन, पहिल्या वर्षात ३००० फुटांखालच्या छताखाली न्याहारीला जाऊ नये. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर दोन-तीन अंशांवर आलं असेल तर छत आत्ता नसलं तरी येऊ शकतं. हवामानाचा अंदाज फक्त पोचण्याच्या वेळेचा बघू नका. घरच्या विमानतळाचा, परतण्याच्या वेळेचाही बघा.

एक सापळा ओळखून ठेवा. डोंगर ओलांडून गेलात, खाली सगळं पांढरं, आणि नेमकं विमानतळाच्या अलीकडे एक भोक, त्यातून हिरवं शेत दिसतंय. त्यातून खाली उतरायचा मोह होतो. भोक तुमच्या मागे बुजलं की तुम्ही ढग, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या फटीत अडकता. वरूनच वळा.

काकू, वजन किती?

हा प्रश्न मराठी घरात विचारणं अवघड, पण विचारावाच लागतो. आणि खरं उत्तर मिळवावं लागतं. ‘पासष्ट असेल रे’ म्हणणाऱ्या माणसाच्या उत्तरात दोन-चार किलो मिळवा, वर कपडे, बूट आणि पर्स.

समजा तुमच्या १७२एस विमानात ८८० पौंड भार घेता येतो. हा आकडा प्रत्येक विमानाचा वेगळा. त्या विमानाच्याच कागदावरचा घ्या, शाळेच्या पुस्तकातला नाही. वापरता येण्याजोगं पूर्ण इंधन ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे ३१८ पौंड. उरले ५६२. यात १८० पौंडांची तीन माणसं बसतात, चौथं नाही. आता इंधन ३० गॅलन ठेवा: १८० पौंड. उरले ७००, आणि १७० पौंडांची चौघं बसतात. सामान मात्र २० पौंडांच्या आत. हे विमान तासाला ९-१० गॅलन पितं, म्हणजे ३० गॅलनमध्ये तीन तास. वॉटसनव्हिलला जाऊन-येऊन तासभर धरा. नियमाने दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक लागतं, बहुतेक शहाणे लोक एक तासाचं ठेवतात. हिशोब जमतो. पण टाक्या आदल्या दिवशी कुणीतरी काठोकाठ भरून ठेवल्या असतील तर जमत नाही, म्हणून शुक्रवारीच क्लबला फोन. इंधन काढून टाकणं ही फार कटकटीची गोष्ट आहे.

वजनाबरोबर गुरुत्वमध्यही तपासा. वजनदार माणूस पुढे, हलकं मागे हा ढोबळ नियम, तरी आकडेमोड करा. पहिल्या खेपेला तर मी म्हणेन दोनच प्रवासी न्या. मागच्या सीटवर एकटं बसलेलं माणूस दोन्हीकडच्या खिडक्यांतून बघतं आणि खूश असतं.

इंधनावरून आठवलं: सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर जानेवारी २०२२ पासून १००एलएल हे शिसंयुक्त विमान-पेट्रोल मिळत नाही, सांता क्लारा काउंटीने ते बंद केलं. तुमच्या विमानाला कोणतं इंधन चालतं आणि ते कुठे भरायचं, हे क्लबकडून विचारून घ्या.

कागद आणि पैसे

गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी नेता येत नाहीत. गेल्या २४ महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू किंवा परीक्षा झालेली हवी. मेडिकल, फोटो ओळखपत्र, भाड्याच्या विमानाचा विमा. ही यादी तुम्हाला पाठ असणार, पुढे जाऊ.

पैशांचा नियम मात्र मराठी आदरातिथ्याशी भांडतो. प्रायव्हेट पायलटने आपला वाटा भरलाच पाहिजे: विमानाचं भाडं, इंधन, तेल आणि विमानतळाचे आकार या खर्चात चौघं असाल तर किमान पाव हिस्सा तुमचा. ‘तू कष्ट घेतोस, पैसे आम्ही देऊ’ असं काकांनी कितीही प्रेमाने म्हटलं तरी पूर्ण पैसे घ्यायचे नाहीत. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नजरेत तो धंदा होतो. फिरायला जाण्याचं कारणही तुमचं आणि त्यांचं एकच हवं. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘शनिवारी दोन सीट रिकाम्या आहेत, खर्च वाटून’ असं टाकू नका, कारण अनोळखी माणसांना अशी जाहीर ऑफर देणं हीच पहिली अडचण. ओळखीच्यांना घरी बोलावून विचारा. नाश्त्याचं बिल आपापलं भरलेलं बरं.

निघण्यापूर्वी

प्रवाशांना तुमच्यानंतर अर्ध्या तासाने बोलवा. तपासणी करताना ‘हे काय, ते काय’ विचारणारं कुणी शेजारी नको. पंखांच्या टाक्यांतून आणि खालच्या झडपांतून इंधनाचा नमुना काढून पाणी आहे का बघायचं, तेल बघायचं, टायर, ब्रेक, कंट्रोल, दिवे. शनिवारी विमान आधी कुणीतरी उडवलेलं असतं म्हणून तपासणी उरकू नका. टाकीत काठी घालून इंधन स्वतः मोजा. काट्यांवर विश्वास नको.

मंडळी आली की त्यांना प्रोपेलरबद्दल सांगायचं. फिरणारा प्रोपेलर दिसत नाही. विमानाकडे नेहमी मागच्या बाजूने यायचं आणि इंजिन पूर्ण थांबून तुम्ही सांगेपर्यंत कुणी उतरायचं नाही. लहान मुलाचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात, ‘कुणीतरी धरेल’ असं नको. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घ्यायला नियमाने मुभा आहे. मी तरी घेऊ देणार नाही, गाडीतली सीट बांधा. मुलांना त्यांच्या मापाचा हेडसेट हवा, मोठ्यांचा सैल बसतो आणि आवाज आत येतो.

मग आत बसवून सांगायच्या गोष्टी. पट्टा कसा लावायचा आणि सोडायचा, दार कसं उघडतं, अग्निशामक कुठे आहे. मी हात वर केला की बोलायचं बंद: जमिनीवर फिरताना, चढताना, उतरताना. दुसरं विमान दिसलं तर मात्र लगेच सांगायचं, मी बघितलं असेल असं गृहीत न धरता. हे काम मुलांना द्या, फार मन लावून करतात. मळमळायला लागलं तर लाजू नका, लवकर सांगा. प्रत्येकाच्या हाताशी पिशवी ठेवा. सोबत आलेपाक किंवा सुंठेची गोळी असू द्या, आणि रिकाम्या पोटी नेऊ नका. ‘नाश्त्यालाच तर जातोय’ म्हणून बिनखाता आलेला माणूस सगळ्यात आधी पांढरा पडतो. अर्धी दशमी किंवा एक केळं आधीच खायला लावा.

वाटेत

पालो आल्टोच्या ग्राउंडला, म्हणजे जमिनीवरची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, पहिल्याच संवादात नॉरकॅल या रडार केंद्राच्या फ्लाइट फॉलोइंगची (वाटेतल्या इतर विमानांची सूचना देत राहण्याची) विनंती करा. दक्षिणेला जाताना मॉफेट आणि सॅन होजेचे विमानतळ लागून आहेत, डोक्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लास बीचे, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीच्या कडक नियंत्रणाच्या आकाशाचे, थर. सॅन होजेच्या क्लास सीमध्ये शिरायला दुतर्फा रेडिओ संपर्क पुरतो. क्लास बीमध्ये शिरायला स्पष्ट शब्दांत परवानगी लागते, आणि कंट्रोलर तुमच्याशी गोड बोलतोय म्हणजे ती मिळाली असं नाही. नकाशावर थरांची उंची पेनने मोठी लिहून ठेवा.

वॉटसनव्हिलचा सोपा रस्ता लेक्सिंग्टन तलावाच्या बाजूने, महामार्ग १७ डोळ्यांसमोर ठेवून डोंगर ओलांडायचा. डावीकडे लोमा प्रिएटाचं शिखर ३८०० फुटांच्या आसपास आहे. रांगेवरून जाताना भरपूर उंची ठेवा: खाली दाट झाडी आहे, आणि इंजिन थांबलं तर उंची म्हणजेच निवडायला वेळ. डोंगरापलीकडे मॉन्टेरीचा उपसागर एकदम उघडतो आणि मागून ‘अगं बाई’ ऐकू येतं. या क्षणी तुम्ही पर्यटक नाही. विमानतळाची हवा ऐकायची वेळ झालेली असते.

टॉवर नसलेल्या विमानतळावर

टॉवर असलेल्या विमानतळावर शिकलेल्यांची खरी परीक्षा इथे आहे. तुम्हाला ‘क्लिअर्ड टू लँड’ म्हणणारं इथे कुणी नाही. सगळे एका फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात आणि डोळे उघडे ठेवतात. विनारेडिओचं विमान येणंही कायदेशीर आहे. शनिवारी नऊ ते अकरा ही जत्रेची वेळ. जमलं तर आठला पोचा. पॅटर्नही रिकामा आणि टेबलही.

दहा मैलांवरून ऐकायला लागा. कोणती धावपट्टी वापरात आहे, किती जण आहेत, कोण कुठे, याचं चित्र डोक्यात उभं राहिल्याशिवाय जवळ जाऊ नका. मग बोला: कुणाला, कोण, कुठे, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. ‘वॉटसनव्हिल ट्रॅफिक, सेसना अमुक, टेन माइल्स नॉर्थ, इनबाउंड, वॉटसनव्हिल.’ नाव दोनदा घ्यायचं कारण एकच फ्रिक्वेन्सी अनेक विमानतळ वापरतात आणि उंचावरून शंभर मैलांपलीकडचा माणूसही कानात बोलतो. पॅटर्नच्या उंचीवर आधीच या, डाउनविंडला (फेरीच्या धावपट्टीला समांतर बाजूला) ४५ अंशांनी शिरा, प्रत्येक वळणावर बोला. पॅटर्न डावा की उजवा हे निघण्यापूर्वी बघितलेलं हवं.

आणि नुसत्या बोलण्यावर विसंबू नका. १८ ऑगस्ट २०२२ ला याच वॉटसनव्हिलला दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, येत होतं आणि एक सेसना १५२ पॅटर्नमध्ये होतं. मोठं विमान लहानाच्या मानाने फारच वेगात होतं. दोघंही रेडिओवर आपापली जागा सांगत होते, तरी धावपट्टीजवळ हवेत आदळले आणि तीन माणसं गेली. म्हणून कुणी ‘तीन मैलांवर, सरळ येतोय’ म्हणालं तर ते विमान प्रत्यक्ष दिसेपर्यंत बेसला (फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूला) वळू नका. डाउनविंड लांबवा, किंवा पॅटर्न सोडून बाहेर जा आणि पुन्हा या. न्याहारीला कुणी हजेरी घेत नाही.

पुढचा माणूस धावपट्टीवरून हलत नसेल, वेग जास्त असेल, वारा आडवा ढकलत असेल, तर गो-अराउंड. प्रवाशांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की कधीकधी उतरता उतरता परत वर जातो आणि ते नेहमीचंच असतं. नाहीतर मागच्या सीटवर रामरक्षा सुरू होते.

टेबलावर

पाहुण्या विमानांची जागा बघून थांबा. दोर किंवा साखळ्या असतील तर अर्ध्या तासासाठीही बांधा, कंट्रोल लॉक लावा, चाकाला चोक. फ्लाइट प्लॅन भरला असेल तर तो बंद करा. पोचण्याच्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की शोधाशोध सुरू होते. पार्किंगचे पैसे कुठे पेटीत, कुठे ऑफिसात, कुठे नाहीतच.

खाणं साधं अमेरिकन असतं: अंडी, बटाटे, बेकन, पॅनकेक, आणि सतत भरला जाणारा कॉफीचा कप. पूर्ण शाकाहारी पाहुणे असतील तर लक्षात ठेवा की पॅनकेकमध्ये अंडं असतं. हॅशब्राउन, टोस्ट आणि फळं यांच्यावर भागतं. संकष्टीला आईला घेऊन गेलात तर डबा न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही स्वतः हलकं खा. शेजारच्या टेबलावर मिमोसा दिसेल. तुमच्यासाठी दारू आणि उड्डाण यांत आठ तासांचं अंतर हे कमीत कमी, म्हणजे आज नाहीच. कॉफीही मोजून, कारण परतीच्या वाटेवर थांबा नाही. निघताना सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा, ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्याला आधी.

खिडकीतून विमानं बघत बसणं हा या नाश्त्याचा अर्धा आनंद. शेजारच्या टेबलावरचे पांढऱ्या केसांचे पायलट बोलके असतात, आणि परतीच्या वाटेवरचा वारा कसा आहे हे त्यांना तुमच्या फोनपेक्षा आधी कळलेलं असतं. विचारा.

बिल मागवण्याआधी हवामान पुन्हा बघा. सकाळचा अहवाल आता शिळा झाला. उन्हाळ्यात बे भागात दुपारी समुद्राचा वारा जोर धरतो आणि डोंगरावर धक्के बसायला लागतात. सकाळी मऊसूत आलेल्या पाहुण्यांना दुपारी तोच रस्ता नको होतो. म्हणून अकरा-साडेअकराला चाकं उचललेली बरी. आणि छत खाली येत असेल तर दुसरी कॉफी मागवा, तासभर वाट बघा, नाहीच उघडलं तर ती आधीच खर्ची टाकलेली टॅक्सी बोलवा. क्लबच्या माणसाला विमान रात्रभर बाहेर राहणार हे सांगताना संकोच वाटेल. त्यांना असे फोन येत असतात.

परतल्यावर

विमान ढकलून जागेवर लावा, बांधा, मीटरचा आकडा लिहा आणि खर्चाची वाटणी तिथेच, सगळ्यांच्या समोर करा. ‘घरी जाऊन करू’ म्हटलेली वाटणी कधी होत नाही. लॉगबुकात तासांबरोबर एक ओळ लिहा: वारा कसा होता, पॅटर्नमध्ये किती जण होते, टेबल मिळायला किती वेळ लागला. पुढच्या वेळी कुठे, किती वाजता जायचं ते याच ओळींवरून ठरतं.

किनारा आणि वॉटसनव्हिल अंगवळणी पडले की मग हॅरिस रँच. वसंतात जा, खोरं हिरवं असतं आणि धुकंही नसतं. तिथली धावपट्टी फक्त ३० फूट रुंद आहे. रुंद धावपट्टीची सवय झालेल्या डोळ्यांना अरुंद पट्टीवर येताना आपण फार वर आहोत असं वाटतं, त्यामुळे माणूस नकळत खाली येतो आणि विमान सावरायला उशीर करतो. पहिल्या खेपेला शिक्षकाला शेजारी बसवा आणि दोन-तीनदा उतरून बघा. इथे टॅक्सीची कसोटी लागू पडत नाही, घर दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर आहे, तेव्हा रात्री राहायची तयारी ठेवा. आवारातच हॉटेल आहे. शिक्षकाच्या तासाचे पूर्ण पैसे तुम्ही द्यायचे, त्याला वाटणीचा नियम नाही. नाश्त्याचेही तुम्हीच द्या. तिथे स्टेक चांगला मिळतो आणि शिक्षक तोच मागवणार.